मामा आत आहेत

कुकरची शिट्टी झाली आणि तो मोठ्यांदा "आलो, आलो!" म्हणाला. त्या दिवशी त्याने ठरवलं, आता घरून काम करणं पुरे. कुकरला उत्तर द्यावंसं वाटतं म्हणजे माणसाची काय दशा झाली असेल! दिवसभर खोलीत एकटा बसून तो वॉशिंग मशीनच्या तक्रारींना लेखी उत्तरं द्यायचा. 'आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत' हे वाक्य त्याने इतक्यांदा लिहिलं होतं, की ऑफिसात त्याचं नावच दिलगीर पडलं होतं. ऑफिस म्हणजे तरी काय, पडद्यावरचे चार चेहरे.

तर दिलगीर लॅपटॉप काखोटीला मारून जागा शोधायला निघाला. कॉफीच्या दुकानात कप रिकामा झाला रे झाला की वेटर टेबल पुसायला हजर, जाता जाता याचं कोपरही पुसून जायचा. वाचनालयात पेन्शनर मंडळींनी खुर्च्यांवर रुमाल टाकून ठेवलेले. चुकून एका रुमालावर बसला, तर असा गहजब झाला की विचारू नका. बँकेत रखवालदाराने विचारलं, "काय काम आहे?" काम तर ढीगभर होतं, पण बँकेचं नव्हतं.

शेवटी त्याचे पाय टेकले ते हॉस्पिटलात, नातेवाइकांच्या हॉलमध्ये. गार हवा, भिंतीत प्लग, फुकट वायफाय, आणि कितीही वेळ बसा, कोणी हूं की चूं करत नाही. शिवाय आजूबाजूला माणसं बोलत होती. कान तृप्त झाले बिचाऱ्याचे.

असे काही दिवस सुखात गेले, आणि एकदा ऐन मीटिंगमध्ये त्याच्या पाठीमागून स्ट्रेचर गेलं.

"अरे, तू हॉस्पिटलमध्ये?" पडद्यावरचे साहेब दचकले. "काय झालं?"

"मामा," दिलगीरच्या तोंडून निघून गेलं. "मामा आत आहेत."

लोक दुसऱ्याला मामा बनवतात, याने स्वतःसाठीच एक बनवला. याची आई एकुलती एक, मामा येणार कुठून? साहेब विरघळले खरे, पण घोळ झाला तो शेजारच्या खुर्चीत. तिथे बसलेल्या मावशींचे यजमान पाय मोडून आत पडले होते, पण मावशींचे कान शाबूत होते.

"मामा होय! तरीच म्हटलं, पोरगा रोज एकटाच येऊन बसतो. जेवलास का रे?"

'जेवलास का' हे त्याला गेल्या कित्येक महिन्यांत कोणी विचारलं नव्हतं. त्याला एकदम भरून आलं. खरं सांगायला त्याने तोंड उघडलं, तोवर मावशींनी डबा पुढे केला. भरल्या तोंडाने खरं कसं बोलणार?

मग रोज डबा आणि रोज चौकशी. "मामा कसे आहेत?" "बरे आहेत." "ताप?" "उतरला." म्हणता म्हणता मामा ठणठणीत व्हायला आले. मामा बरे झाले तर इथे बसायचं कुठल्या तोंडाने? त्याने मामांना पुन्हा ताप आणला.

इथेच चुकलं. मावशींना राहवेना. त्या तरातरा सिस्टरकडे गेल्या. "अहो, या पोराला मामाला भेटू तरी द्या!"

सिस्टर तशाच बाहेर आल्या. "भाचे तुम्हीच का?"

"त्याचं असं आहे... झालेल्या त्रासाबद्दल मी दिलगीर..."

"दिलगीर काय! कोपऱ्यातले आजोबा आल्यापासून घोकताहेत, भाचा आला की जेवेन. ताट तसंच परत जातं रोज. आणि तुम्ही बाहेर टकटक करत बसलाय? चला आत!"

"जा बाळा, घाबरू नकोस," मावशी डोळे पुसत म्हणाल्या. सगळा हॉल बघत होता. पळावं तर चार्जर भिंतीत अडकलेला! आता आजोबा म्हणणार, 'हा कोण?' संपलं. जागा गेली, डबा गेला, आणि मावशींना तोंड दाखवायची सोय गेली.

खाटेवर मूठभर आजोबा होते. त्यांनी चष्मा चढवून याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. दिलगीरने डोळे मिटून घेतले.

"किती उशीर केलास रे!" आजोबा म्हणाले. "दे तो चमचा इकडे."

सिस्टर समाधानाने गेल्या. दिलगीर खाली वाकला. "आजोबा, मी तुमचा भाचा नाही."

"ठाऊक आहे," आजोबा घास गिळत म्हणाले. "मला बहीणच नाही."

"मग भाचा?"

"अरे, इथे प्रत्येकाकडे कोणी ना कोणी येतं. सिस्टरने विचारलं, तुमचं कोण? म्हटलं, भाचा यायचाय. मुलगा म्हटलं असतं, तर फोन नंबर मागितला असता. एकट्याने घास उतरत नाही रे. तू का आलास?"

"बसायला जागा नव्हती."

"घर नाही?"

"आहे. घर आहे."

आजोबांनी मान हलवली आणि पुढचा घास घेतला. ताट चाटूनपुसून साफ झालं, तेवढ्यात सिस्टर डोकावल्या. "शाब्बास! असं जेवलात तर परवा घरी सोडतील तुम्हाला."

दोघांचेही चेहरे पडले.

"अहो, आनंदाची बातमी सांगतेय मी!" म्हणत सिस्टर निघून गेल्या.

आजोबा बराच वेळ रिकाम्या ताटात चमचा फिरवत राहिले. मग त्यांनी हळूच विचारलं, "तुझ्या त्या कामाला प्लग लागतो ना? माझ्या घरी पुष्कळ आहेत. सगळे रिकामे."

"परवा सकाळीच येतो, मामा," दिलगीर म्हणाला. वायफाय आहे का, हे त्याने विचारलंच नाही.