नापासरावांची चाचणी

कॅप्सूल घरात आली त्याच दिवशी नापासरावांनी तिला नापास केलं. आणणाऱ्या माणसाने ती जिन्याच्या कठड्याला घासत वर आणली होती आणि ते त्यांनी वरून पाहिलं होतं.

नापासराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. बॉयलर तपासायच्या सरकारी नोकरीत त्यांनी इतके बॉयलर नापास केले, की कारखानेवाल्यांनी त्यांचं परस्पर बारसं उरकलं. निवृत्त झाल्यावर बॉयलर मिळेनात, तेव्हा ते घराकडे वळले. कुकर, गिझर, इस्त्रीची वायर, शेजाऱ्यांची शिडी, कशालाच त्यांनी सोडलं नाही. न्हाणीघराची कडी तर ते स्वतः कधी लावतच नसत. आत असल्याची खूण म्हणून मोठमोठ्याने खोकत. कडीतही काहीतरी दोष सापडला असणार, असं घरच्यांनी धरून चाललं होतं.

पण या वेळी गंमत नव्हती. मधुमेहापायी त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली होती आणि ती भरायचं नाव घेत नव्हती. अंगठा काळपट पडत चालला होता. डॉक्टरांनी रुग्णालयातल्या मोठ्या लोखंडी चेंबरमध्ये रोज झोपायला सांगितलं होतं. तिथे दाबाखाली प्राणवायू देतात, जखमेला त्याचा आधार मिळतो. नापासरावांनी ते चेंबर पाहिलं, त्याच्या दाराचं बाहेरून फिरवायचं चाक पाहिलं, आणि "याच्या दाराचं रबरी पॅकिंग जुनं झालंय" असं म्हणून ते सरळ घरी आले. मग मुलाने घरी वापरायची कॅप्सूल भाड्याने आणली.

"हिचा कितपत उपयोग होईल, सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण नुसतं बसून राहण्यापेक्षा बरं. काळेपणा वर सरकला, तर अंगठा काढावा लागेल, हे मात्र लक्षात ठेवा."

कॅप्सूल म्हणजे जाड रबरी कापडाची, माणूस आडवा मावेल एवढी लांब पिशवी. बाजूला एक दणकट चेन, वर लहानशी गोल खिडकी. माणसाने आत झोपायचं, बाहेरच्याने चेन लावायची, मग पंप हवा भरतो, पिशवी टणक फुगते आणि नळीतून प्राणवायू मिळत राहतो. नापासरावांनी आधी पंपाची हकालपट्टी बाल्कनीत केली. मग भिंतीवर आपल्या अक्षरात सूचना चिकटवली: जवळपास तेल नको, मेण नको, काडेपेटी नको, नायलॉनचे कपडे नकोत, आणि बाहेर एक माणूस कायम जागा हवा.

"आता झोपा आत," बायको म्हणाली.

"अगं, चाचणी नको का?"

पहिली चाचणी रिकाम्या कॅप्सूलची झाली. दुसरी उशा घालून झाली. "उशीला वजन कुठे असतं?" असं म्हणून तिसऱ्या चाचणीला त्यांनी बटाट्यांचं पोतं आत झोपवलं. बटाटे चांगले फुगलेल्या कॅप्सूलमध्ये तासभर पडून सुखरूप बाहेर आले. नापासरावांनी दर वेळी कॅप्सूलभोवती लंगडत फेऱ्या मारल्या, शिवणी चाचपल्या, चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली. रोज काहीतरी खुसपट निघे आणि रोज बायको त्यांच्या पायाची पट्टी बदलताना गप्प होत जाई. पट्टी सोडली की खोलीत एक वास पसरायचा. त्याबद्दल दोघंही बोलत नसत.

एका दुपारी मात्र तिचा बांध फुटला. "बटाट्यांना प्राणवायू मिळाला, उशांना मिळाला. तुमच्या अंगठ्यानेच काय घोडं मारलंय?"

"पण बटाटा काही श्वास घेत नाही ना. जिवंत माणूस घालून बघितल्याशिवाय..."

"मग तुम्ही आहात की जिवंत!"

"मी आत गेलो, तर बाहेरून तपासणार कोण?"

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. मग केसातली क्लिप काढली, बांगड्या उतरवल्या, सुती गाऊन चढवला आणि एक शब्दही न बोलता कॅप्सूलमध्ये जाऊन आडवी झाली. "लावा चेन," ती म्हणाली.

नापासरावांना चेन लावावीच लागली. कॅप्सूल फुगली. खिडकीतून बायकोचा चेहरा दिसत होता. तिने दोनदा आवंढा गिळला, कान मोकळे केले आणि चक्क डोळे मिटले. इतकी निवांत ती लग्नानंतर प्रथमच दिसत असावी. नापासराव खुर्ची ओढून बसले आणि दर थोड्या वेळाने काचेवर टकटक करून तिला जागं करू लागले. शेवटी आतून तिने हात जोडले, तेव्हा कुठे ते थांबले.

वेळ संपली. त्यांनी दाब उतरवला. कॅप्सूल सैल पडली, पंपाची हवा मात्र आत-बाहेर खेळत राहिली. मग त्यांनी चेनचा रनर धरून ओढला. रनर हलला नाही. जोर लावून ओढला, तर त्याची पट्टी तुटून त्यांच्या हातात आली. इतक्या चाचण्यांत तो बिचारा घायकुतीला आला होता.

नापासरावांच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं! घाबरू नकोस हां! अजिबात घाबरू नकोस!"

"मी कुठे घाबरलेय?" आतून दबका आवाज आला.

भाड्याच्या दुकानात फोन केला, तर "संध्याकाळी माणूस पाठवतो" असं उत्तर मिळालं. मग त्यांनी घराच्या खिडकीतून हाका मारमारून तळमजल्यावरच्या शिंप्याला वर बोलावलं. शिंप्याने चेन पाहिली आणि खिशातून मेणबत्तीचा तुकडा काढला. "हे घासलं की लोण्यासारखी सरकेल."

"मेण? प्राणवायूजवळ? भिंतीवर काय लिहिलंय, वाचा!"

"बरं, मग तेलाचा एक थेंब..."

"तेल तर मुळीच नाही!"

"मग कात्री आणतो, कापून काढू."

"कात्रीने ठिणगी उडाली तर?"

शिंप्याने मेणबत्ती खिशात घातली. वाकून खिडकीत पाहिलं. "काकू, तुमचं बरं चाललंय ना? मग राहा तिथेच. बाहेर काही खरं नाही," असं म्हणून तो तरातरा जिना उतरून गेला.

नापासराव कॅप्सूलशेजारी जमिनीवर बसले. दुखरा पाय लांब केला. त्यांनी खिडकीवर हात ठेवला.

"तुला गुदमरल्यासारखं होतंय का?"

"नाही हो."

"होतंय. सांगत नाहीस तू. मला ठाऊक आहे, कसं होतं ते." ते काचेकडे तोंड करून बोलू लागले. "नोकरीला लागलो त्याच वर्षी एका बॉयलरमध्ये शिरलो होतो. आतून तपासायला. बाहेरच्या माणसाला वाटलं, मी निघालो. झाकण लावलं आणि जेवायला गेला. मी ओरडतोय, ठोकतोय. अंधार असा, की डोळे उघडे आहेत का मिटलेत तेच कळेना. तो निवांत जेवून आला, तेव्हा झाकण निघालं. त्यानंतर मी कधी कशाच्या आत गेलो नाही. बाहेरूनच तपासलं सगळं. धड दिसलं नाही, की नापास करून टाकायचं."

त्यांनी रनरची तुटकी पट्टी मुठीत आवळली.

"मला भीती वाटते गं. अंगठा गेला तर जाऊ दे. पाय गेला तरी चालेल. पण मला त्यात घालू नका. आणि माझ्यापायी तू... तू आत..." ते चक्क रडू लागले.

तेवढ्यात कुर्रर्र असा आवाज झाला. चेन एका टोकापासून आपोआप उघडत गेली आणि फटीतून बायकोचं विस्कटलेलं डोकं वर आलं.

नापासराव तोंड उघडं ठेवून बघत राहिले. "कसं काय उघडलं?"

"आतून दुसरा रनर आहे. तसाच, चांगला मोठा. आडवं झाल्याबरोबर समोरच दिसतो."

"मग मघापासून का नाही उघडलंस?"

"झोप लागली होती. मग तो शिंपी आला. मग तुम्ही बोलायला लागलात." तिने डोळे पुसले. तिचेही ओले होते. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोललात. मध्येच चेन कशी उघडणार? आणि म्हणून न्हाणीघराची कडी लावत नाही होय तुम्ही? मी आपली समजत होते, कडी नापास झालीय."

तिने त्यांचा हात धरून कॅप्सूलच्या आत नेला आणि तो रनर त्यांच्या बोटांत दिला. त्यांनी तो ओढून पाहिला, परत लावून पाहिला, पुन्हा ओढला. सवयीने त्याच्यात दोष शोधला. सापडला नाही.

"बाहेर मी बसते," ती म्हणाली. "जेवायला जाणार नाही."

त्यांनी सुती सदरा चढवला. आत आडवं व्हायला त्यांना एक तपासणी उरकेल एवढा वेळ लागला, पण झाले. बायकोने तुटक्या रनरच्या उरलेल्या खुंटाला चिमटा लावून, दोन्ही हातांनी जोर करून चेन बंद केली. ती गच्च बसली तेव्हा त्यांनी आतून हाक मारली, "आहेस ना?"

"आहे."

कॅप्सूल टणक झाली. कान बंद झाले, आवंढा गिळल्यावर उघडले. डाव्या हातात आतला रनर त्यांनी इतका घट्ट धरला होता, की बोटं दुखू लागली. बऱ्याच वेळाने धीर करून त्यांनी मान वळवली आणि खिडकीतून पाहिलं.

बायको खुर्चीत बसली होती. एका हाताने तिने बाहेरून तुटका रनर घट्ट धरला होता. मान खांद्यावर कलली होती आणि तोंड किंचित उघडं होतं. ती गाढ झोपली होती.

बाहेर एक माणूस कायम जागा हवा, हे भिंतीवर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. आता काच ठोकायची, तिला उठवायचं आणि चाचणी रद्द करायची, एवढंच शिल्लक होतं. नापासरावांनी उजवा हात उचलला. काचेपर्यंत नेला. पट्टी बदलून, बटाटे उपसून, त्यांच्या सगळ्या खुसपटांच्या मागे धावून दमलेला तो चेहरा त्यांनी जरा वेळ पाहिला आणि हात हळूच खाली घेतला.

संध्याकाळी मुलगा घरी आला. तुटका रनर पाहून त्याने कपाळाला हात लावला. "आज काय निघालं, बाबा? काय दोष?"

नापासरावांनी बायकोकडे पाहिलं. ती पट्टी सोडत होती आणि खाली मान घालून अंगठ्याचा रंग न्याहाळत होती.

"काही नाही," ते म्हणाले. "पास."