फोनातले पाहुणे

मोबाइलच्या बाबतीत आपल्याला शिकवणारा माणूस अजून धुळे जिल्ह्यात जन्माला यायचाय, असं नवलभाऊंचं ठाम मत होतं. आणि हे मत ते न मागता सगळ्यांना देत असत! सरकारी कचेरीत तीस वर्षं काढलेला माणूस. समोर आलेल्या कागदावर शेरा मारल्याशिवाय त्यांच्या हाताला चैन पडत नसे. लाइट बिलावर 'तपासले'. वाण्याच्या यादीवर 'साखर जास्त, खुलासा मागवावा'. आणि लेकीसाठी आलेल्या मुलांच्या बायोडाट्यांवर तर विचारूच नका! फोनमध्ये बायोडाटा आला रे आला, की नवलभाऊ बोटानेच त्यावर लाल अक्षरांत शेरा लिहायचे आणि जपून ठेवायचे.

या शेऱ्यांनी मागच्या दिवाळीत घात केला होता. शिरपूरहून पाहुणे आले होते दिपमालाला बघायला. नवलभाऊंनी तिचा बक्षीस घेतानाचा फोटो दाखवायला म्हणून फोन मुलाच्या काकांच्या हातात दिला. काकांचं बोट एकदा जास्त सरकलं. पुढे त्यांच्याच पुतण्याचा फोटो! डोक्याभोवती लाल गोल आणि खाली शेरा: 'टक्कल सुरू. त्रुटीपूर्ततेस्तव परत.' पाहुणे चहासुद्धा न घेता गाडीत जाऊन बसले.

तेव्हापासून नूतनताईंनी, म्हणजे नवलभाऊंच्या बायकोनं, धसका घेतला होता. आज रविवारी चोपड्याचे पाहुणे यायचे होते आणि आजचं स्थळ साधंसुधं नव्हतं. दिपमाला जळगावला केळीची रोपं तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला. चोपड्याचा तेजस तिथं रोपं न्यायला यायचा. रोपं शेतात लागून घड निसवले तरी दोघांचे फोन काही थांबले नाहीत! सकाळीच दिपमालानं बापासमोर हात जोडले होते.

"पप्पा, हे स्थळ मला हवंय. माझ्यासाठी एवढं करा, आज कशावर शेरा मारू नका."

"बेटा, शब्द दिला!" नवलभाऊ म्हणाले. तेजसच्या बायोडाट्यावर आठ दिवसांपूर्वीच शेरा मारून झालाय, हे सांगायला त्यांना जरा अवघड वाटलं.

"तुम्ही फक्त बसायचं आणि हसायचं," नूतनताईंनी वांगी भाजता भाजता बजावलं. "बाकी सगळं मी बघते. फोनसुद्धा मीच दाखवणार. कळलं?"

आता बसा म्हटल्यावर नवलभाऊ किती वेळ बसणार? त्यांनी फोन उघडला. शेजारच्या पुनाभाऊंनी पाठवलेला संदेश वर आला: 'सावधान! तुमच्या फोनमध्ये तुम्हाला न कळता दुसरा कोणी राहतोय का? आजच तपासा!'

"हॅ! माझ्या फोनमध्ये शिरायची कोणाची टाप आहे!" असं म्हणत नवलभाऊंनी सेटिंग्ज उघडली. तिथून सिस्टीम. तिथून वापरकर्त्यांची यादी. पहिलं नाव 'नवलभाऊ, मालक'. नवलभाऊ खूश झाले. त्यांनी सहज खाली बघितलं आणि त्यांच्या हातातला फोन पडता पडता राहिला. मालकाच्या खाली आणखी एक नाव होतं.

'पाहुणे'!

नवलभाऊ तसेच बनियनवर अंगणात पळाले. भिंतीपलीकडे पुनाभाऊ दात घासत उभे होते. पुनाभाऊ त्यांच्याच कचेरीतले, एका कानानं जरा कमी ऐकणारे.

"पुना! अरे, माझ्या फोनमध्ये पाहुणे शिरलेत!"

"किती आहेत?"

"एकच आहे! पण नाव पाहुणे!"

"आदरानं लिहिलंय म्हणजे मोठा माणूस असणार," पुनाभाऊंनी तोंडातला फेस थुंकला. "आत शिरून बघा ना कोण आहे ते."

नवलभाऊंनी त्या नावावर बोट ठेवलं. पडदा बदलला. एकदम स्वच्छ, मागे झेंडूची फुलं, आणि मधोमध चार आकडी पिन मागणारी चौकट! आपल्याच फोनच्या दारात आपल्यालाच कोण म्हणून विचारतायत! त्यांनी स्कूटरचा नंबर टाकला. चूक. दिपमालाची जन्मतारीख टाकली. चूक. स्वतःच्या निवृत्तीची तारीख टाकली, ती तर त्यांना झोपेतही पाठ. तीही चूक! मुकाट्यानं ते परत आपल्या मूळ खोलीत आले.

"हा हेरगिरीचा प्रकार आहे," पुनाभाऊंनी निकाल दिला. "काढून टाका भाऊ. आज पाहुणे म्हणून बसलेत, उद्या मालक होतील!"

नवलभाऊंच्या अंगाला घाम फुटला. लेकीचे फोटो, बायोडाटे, शेरे, सगळं हा आत बसून वाचतोय की काय! आणि तेही नेमकं आज? त्यांनी नाव दाबून धरलं. फोननं प्रश्न विचारला. पुनाभाऊंना ऐकू जावं म्हणून नवलभाऊ तो प्रश्न ओरडून वाचू लागले.

"पाहुणे हटवायचे का, म्हणतोय!"

"हटवा!"

"कायमचे जातील, म्हणतोय!"

"कायमचेच गेले पाहिजेत! असले लोक घरात घेऊच नयेत!"

"हा बघ हटवला!" नवलभाऊंनी बटण दाबलं आणि मोकळ्या मनानं हात उंचावला. "जा! पुन्हा या दाराशी दिसायचं नाही!"

"नवलभाऊ," मागून घोगरा आवाज आला, "आम्ही आत येऊ, का इथूनच गाडी वळवू?"

फाटकाशी चोपड्याचे पाहुणे उभे होते! अकराचे पाहुणे साडेदहालाच आले होते. पुढे तेजसचे वडील भाईदास नाना, मिशा अशा की बघणाऱ्यानं आपोआप सरळ उभं राहावं. त्यांच्या हाताला धरून त्यांची आई झुंबरबाई, ऐंशी वर्षांची, टोपपदराचं लुगडं नेसलेली. मागे तेजस, हातात केळीची फणी आणि चेहऱ्यावर 'आपलं काय चुकलं?' असा भाव.

"नाही नाही नाही! तुम्ही नाही हो!" नवलभाऊ बनियन ओढून पोट झाकायला लागले. "ते फोनातले पाहुणे! फोनात शिरले होते, त्यांना घालवलं!"

झुंबरबाईंनी नातवाकडे पाहिलं आणि अहिराणीत विचारलं, "फोनमा पाव्हना कसा मावस रे?"

एवढ्यात नूतनताई धावत बाहेर आल्या. या, बसा, पाणी घ्या, प्रवास कसा झाला, असं करत त्यांनी सगळ्यांना बैठकीत नेलं. नवलभाऊंनी सदरा चढवला. दिपमाला चहा घेऊन आली, सगळ्यांच्या पाया पडली. तेजस तिच्याकडे बघून हसला, ती कपाकडे बघून हसली. जुळत आलं होतं की हो सगळं!

"मुलीच्या प्रयोगशाळेचे फोटो आहेत का हो?" भाईदास नानांनी विचारलं. "केळीवाले आम्ही. रोपं कशी करतात ते बघावं म्हटलं."

"आहेत ना!" नवलभाऊंचा हात खिशात गेला. फोन मी दाखवणार, हे बायकोचं वाक्य त्यांच्या डोक्यातून कधीच उडून गेलं होतं. त्यांनी फोटो उघडून फोन नानांच्या हातात दिला. स्वयंपाकघराच्या दारातून नूतनताईंनी ते पाहिलं आणि झारा तसाच कढईत सोडून दिला.

"अहो, जरा आत या बरं."

नवलभाऊ आत गेले.

"फोन तसाच दिलात? आधी पाहुणे लावायचे ना!"

"पाहुणे तर बसलेत की बैठकीत."

"ते नाही हो! फोनातले!"

"ते? ते काढले!" नवलभाऊ छाती पुढे काढून म्हणाले. "हेर होता कोणीतरी. वेळेवर पकडला!"

नूतनताई मटकन तांदळाच्या डब्यावर बसल्या. "अहो, तो हेर मी होते! तुमच्या फोनात मीच ती वेगळी खोली केली होती. आत पोरीचे सहा फोटो, दोन प्रशस्तिपत्रकं, आणि शेरा एकही नाही! कोणी फोन मागितला तर ती उघडून द्यायची. महिनाभर लपवून ठेवलं, आणि तुम्ही नेमके आज...!"

"मला सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर त्याच्यावरही शेरा मारला असता! आणि पिन काय होता ठाऊक आहे? आपल्या लग्नाची तारीख!"

नवलभाऊंनी मनातल्या मनात ती तारीख आठवून पाहिली. नुसता महिना आठवला. तेवढ्यात बैठकीतलं बोलणं एकदम बंद पडलं.

दोघं बाहेर आले. भाईदास नानांनी फोन हातभर लांब धरला होता. त्यांच्या मिशा हलत होत्या. दिपमालाचा चेहरा पांढरा पडला होता.

"काय लिखेल शे?" झुंबरबाई म्हणाल्या. "जोरमा वाच, माले बी ऐकू दे."

नानांनी घसा साफ केला आणि वाचलं. "'कान मोठे. उंची पाच फूट आठ इंच नमूद, प्रत्यक्ष मोजणी करून खात्री करावी. वडिलांच्या मिशा पाहता स्वभाव तापट असावा. फेरसादर.'"

नवलभाऊंनी लेकीकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते, आणि ती रागावलेलीही नव्हती, ती नुसती खाली बघत होती. तिनं एक गोष्ट मागितली होती. एकच! नवलभाऊंनी पुढे होऊन हात जोडले.

"झुंबरअक्का, नाना, हा माझा मूर्खपणा आहे. तीस वर्षांची खोड आहे हो, हात थांबत नाही. मला काय बोलायचं ते बोला, पण पोरीला त्याची शिक्षा देऊ नका. तेजस तिला मनापासून आवडतो. मला म्हणाली होती, शेरा मारू नका म्हणून. मी आधीच मारून ठेवला होता, पुसलाही नाही."

झुंबरबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग नातवाकडे पाहिलं, पार कानांपर्यंत.

"कान मोठा शेतस, हाई खरं शे," त्या म्हणाल्या. "तेना आजाना बी असाच व्हतात. आनि मिशीवाला तापट शे, हाई बी खरं शे! राह्यनी उंची. पोरी, टेप लई ये!"

"माय, जाऊ दे ना," भाईदास नाना गडबडीनं म्हणाले.

"काबरं जाऊ दे? लिखेल शे ना, खात्री करो! करी टाका!"

दिपमाला आतून शिवणाचा टेप घेऊन आली. तेजस भिंतीला पाठ लावून उभा राहिला, टाचा टेकवून, श्वास रोखून. दिपमालानं स्टुलावर चढून माप घेतलं. खिडकीतून डोकावणारे पुनाभाऊसुद्धा श्वास रोखून होते.

"पाच फूट," ती थांबली. "साडेसहा."

झुंबरबाई आपल्या मुलाकडे वळल्या. "दीड इंच कोठून लई उना रे?"

"माय," नाना मिशीत पुटपुटले, "केस धरून लिहिलं होतं."

आधी झुंबरबाई हसल्या. मग तेजसला हसू फुटलं, मग नूतनताईंना, आणि शेवटी भाईदास नाना असे हसले की मिशांची दोन्ही टोकं वर गेली! स्टुलावर उभ्या उभ्या दिपमाला टेप गुंडाळत होती. डोळे पुसत ती म्हणाली, "आजी, मला साडेसहा चालेल."

"आयकं का?" झुंबरबाईंनी नवलभाऊंच्या पुढ्यात फोन सरकवला. "लिखा आते काय लिखनं ते."

नवलभाऊंनी आयुष्यात हजारो कागद निकाली काढले होते, पण असा एकही नाही. जुना शेरा पुसून त्यांनी तेजसच्या फोटोखाली सुवाच्य अक्षरांत एकच शब्द लिहिला: 'मंजूर'. सवयीनं खाली सहीसुद्धा केली!

मग जेवणं झाली. भरीत, पुऱ्या, कांद्याची पात. झुंबरबाईंनी नूतनताईंकडून भरीत तीनदा मागून घेतलं. नवलभाऊ तर हवेतच होते. जेवणानंतर भाईदास नानांनी आपला फोन तेजसकडे दिला. "आपल्या बागेचे फोटो दाखव रे यांना." तेजसनं फोनवर काहीतरी खुडबुड केली आणि नवलभाऊंच्या हातात ठेवला.

केळीची बाग छान होती. घरही छान होतं. फोटो मात्र मोजून सहा होते. सातवा नाहीच! मागे झेंडूऐवजी गुलाबाची फुलं होती. नवलभाऊंची भुवई वर गेली. फोनच्या बाबतीत त्यांना शिकवणारा अजून जन्माला यायचा होता ना! त्यांनी हळूच वरून पडदा ओढला आणि कोपऱ्यातलं नाव वाचलं.

'व्याही'.

म्हणजे घरून निघतानाच या लोकांनी व्याही ठरवून टाकला होता! नवलभाऊंना भरून आलं. त्यांनी मान वर केली. समोर तेजसचे कान, तेच ते, लालबुंद झाले होते. त्या आनंदात अंगठा कुठे टेकला ते त्यांनाही कळलं नाही. फोननं एक प्रश्न विचारला आणि नवलभाऊंनी तो सवयीप्रमाणे मोठ्यानं वाचला.

"व्याही हटवायचे का, म्हणतोय!"

नूतनताईंनी कपाळाला हात लावला. झुंबरबाईंनी मात्र सुपारी कातरता कातरता मानही वर केली नाही.

"आते उशीर व्हयना, भाऊ!"