तीन ओळी, चार मजले

निरोप नेणारा माणूस खोटं बोलत नाही. तो फक्त थोडं कमी बोलतो.

आमच्या बिल्डिंगमधल्या लॅबवाल्या ताई कॅन्सरवर संशोधन करतात. एकदा जिन्यात म्हणाल्या, "भाऊ, जनुकाकडून आरएनए नावाचा निरोप निघतो. पेशी त्यातला नको तो भाग कापते, उरलेला जोडते. कापताना गफलत झाली, की भलतंच प्रथिन बनतं. मूळ जनुक धडधाकट असलं तरी!"

"म्हणजे आपली बिल्डिंगच की!"

"काहीतरीच! इथली माणसं शिकलेली आहेत."

लागली पैज. चौथ्या मजल्यावरच्या शिवणवाल्या काकूंना गाठ आहे, गोळ्या चालू आहेत. 'तुझं औषध कधी येणार गं?' म्हणून त्या ताईंचा जीव खायच्या. त्यांना ताईंचं उत्तर फोनवरून, मजल्यामजल्यानं, जसंच्या तसं पोचवायचं. हरेल त्यानं गेटवर कान धरून एकवीस उठाबशा काढायच्या.

मूळ मजकूर: "गाठीवरचं नवं औषध गुणकारी ठरलं, पण फक्त उंदरांत. माणसांसाठी यायला बरीच वर्षं लागतील. तोवर चालू गोळ्या बंद करू नका."

तळमजल्यावरून मी बोटही न लावता वर पाठवला (यावर अजून कुणाचा विश्वास नाही).

पहिल्या मजल्यावरच्या रिटायर्ड हेडक्लार्कनी उंदीर वगळले. जेवणाची वेळ होती. दुसऱ्यावर काकूंची मावसबहीण राहते; तिनं वर्षांची ओळ आणि 'तोवर' काढलं; आजारी माणसाला असलं अभद्र कशाला? तिसऱ्यावरचे सर सकारात्मक विचारांचे क्लास घेतात. त्यांच्या घरात 'नका' चालत नाही.

पोचलेला मजकूर: "गाठीवरचं नवं औषध गुणकारी ठरलं. चालू गोळ्या बंद करू."

एकोणीसपैकी नऊ शब्द. नऊच्या नऊ अस्सल, भेसळ शून्य टक्के.

चौथ्या दिवशी काकू ताईंच्या दारात. "आण गं तुझं औषध. जुन्या गोळ्या मी कधीच बंद केल्या."

ताई पांढऱ्याफटक पडल्या. काकूंना तसंच रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी दोघींना झापलं आणि गोळ्या पुन्हा सुरू केल्या.

रविवारी सगळी बिल्डिंग गेटवर जमली. काकू खुर्ची टाकून मोजायला बसल्या. ताईंनी कान धरले आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "माझं चुकलं. गोळ्या बंद करायच्या नसतात, हे मी काकूंना समोर बसून सांगायला हवं होतं." मग एकवीसच्या एकवीस काढल्या. सतराव्याला काकूच म्हणाल्या, "पुरे गं बाई!" पण ताई ऐकेनात.

व्हिडिओ मात्र लांबला. लोकांना कुठे एवढा वेळ? कुणीतरी कापून सुटसुटीत केला: ताई, धरलेले कान आणि "माझं चुकलं." वर मथळा: 'कॅन्सरच्या गोळ्या: शास्त्रज्ञ बाईंची जाहीर कबुली.'

काल मलाही आला. पाठवणाऱ्याचं नाव बघितलं.

तुम्हीच की हो!