न बुडणाऱ्या पात्राची हकीकत

कुळस्वामीस नमन करून, लिहिणाराच्या पोटांतील भय काढावें ऐसें मागून, घडलें तैसें लिहितों ऐसीजे. शके चौदाशें एकोणऐंशी, पिंगळनाम संवत्सरीं, फाल्गुन मासीं एका राज्याच्या युवराजांचें लग्न निघालें. मुहूर्त दिवस उगवल्यापासून दहावी घटिका भरतां. राज्याचे घटिकादार आपदेव जोशी. त्यांचें काम इतकेंच कीं, पाण्याच्या घंगाळांत बारीक भोंकाचें तांब्याचें पात्र सोडावें, तें भरून बुडालें कीं टोल द्यावा, आणि पुन्हा सोडावें. त्या टोलावर वेशी उघडत, कज्जे उभे राहात, मूल जन्मलें तरी वेळ त्यावरूनच धरीत. आणि त्या दिवशीं महाराजांची पगडी तीन वेळां बांधली, तीन वेळां सोडली, मग हत्ती नदींत बसला तो उठेना, आणि स्वारी मंडपीं येण्याआधींच दहावें पात्र बुडालें. आपदेवांनीं टोल दिला. मुहूर्त टळला हें अवघ्या शहरानें ऐकिलें. महाराज संतप्त जाहले कीं, "आम्ही आलों नाहीं तों मुहूर्त गेला कैसा?" मग दिवाण गिरमाजीपंत आपदेवांस बाजूस घेऊन हळूच बोलिले, "जोशीबोवा, भोंक मोठें जाहलें होतें, पात्र लवकर बुडालें, इतकें म्हणा. घरीं जाल." आपदेव म्हणाले, "पंत, पात्र खरें आहे. आज त्यास खोटें म्हटलें तर उद्यां टोल कोण मानील?"

मग आपदेवांचें घर जप्त जाहलें आणि पत्नी सगुणाबाईंसह त्यांस नदीपार घालविलें. इकडे महाराजांनीं नवें पात्र करविलें, त्यास भोंकच ठेविलें नाहीं. तें कधीं बुडेना. महाराजांनीं मान हलवावी तेव्हां टोल पडावा, आणि दरबारानें वाहवा करावी! नदीपार आपदेवांनीं नारळाच्या करवंटीस भोंक पाडिलें, मडक्यांत सोडिली, आणि टोलास फुटका तवा टांगिला. वारा शहराकडे वाहत असला कीं तव्याचा नाद शहरांत येई, आणि लोक निमूट त्यावर चालत.

पुढें दुसऱ्या मुहूर्तीं लग्न लागून युवराजांस पुत्र जाहला. पत्रिकेस वेळ खरी पाहिजे, म्हणून महाराजांनीं पंतांसच गुपचूप नदीपार धाडिलें. आपदेव खोकल्यानें खंगले होते, तरी जन्माचा नगारा ऐकून धरिलेली वेळ पळांसहित सांगितली. पंत गहिंवरून बोलिले, "आतां तरी चला. त्या दिवशीं पात्र चुकलें इतकें म्हणा, घर परत देववितों." सगुणाबाईंनीं नवऱ्याकडे पाहिलें. त्यांस घरचें तुळशीवृंदावन फार आठवत असे. आपदेव म्हणाले, "पंत, नातवाची वेळ माझ्या टोलावरून नेतां आणि मलाच खोटा म्हणवितां?" पंत खालीं मान घालून परतले. त्याच वर्षीं वैशाखांत आपदेव नदीपारच वारले. आम्हांस लिहितांना वाईट वाटतें, लपवीत नाहीं. सगुणाबाई तेरा दिवस पाळून पुन्हा करवंटीपाशीं बसल्या.

मग कांहीं वर्षांनीं भर दुपारीं महाराज कैलासवासी जाहले. दप्तरीं वेळ लिहावी तर राज्याचा टोल पडलाच नाहीं, कारण मान हलविणारे तेच निजले. गिरमाजीपंत खिडकीशीं कान देऊन उभे राहिले. नदीपारचा तवा वाजला, आणि पंतांनीं ती घटिका स्वहस्तें लिहिली.

एवंच, महाराजांच्या मरणाची वेळ दप्तरीं आहे ती सगुणाबाईंच्या टोलाची. आपदेवांचें घर अद्याप जप्त आहे. इति लेखनसीमा.