रबरी पुतळ्याचं लोकार्पण

एका जंगलात, मुलांनो, एक विद्यालय होतं. रुग्णवाहिकेवर कामाला जाणाऱ्यांना तिथं प्राण वाचवायला शिकवत. मांडी घालून नीट बसा, मधे बोलू नका, कारण त्या विद्यालयातही असंच बसावं लागे.

विद्यालयात शहरातून आणलेला एक रबरी पुतळा होता. त्याची छाती दाबली की खाली जाते आणि सोडली की वर येते, असं त्याच्या खोक्यावर छापलं होतं. खरंखोटं कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण पुतळ्यावरचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं. त्याचं लोकार्पण सिंहमहाराजांच्या हस्ते व्हायचं होतं आणि महाराजांची तारीख दोन वर्षं मिळत नव्हती. तोवर पुतळा काचेच्या कपाटात उताणा पडून होता. कपाटावर पाटी होती, 'हात लावू नये'.

प्रात्यक्षिक मात्र रोज होई. प्राचार्य बगळेसर एका पायावर उभे राहून कृती सांगत. विद्यार्थी हात मागे बांधून कपाटाभोवती उभे राहत. मग सगळे जर्नल लिहायला बसत. उद्देश, साहित्य, कृती, निष्कर्ष. मागच्या वर्षीचं जर्नल समोर असल्यामुळे चुका होत नसत. शेवटी सगळ्यांचं एकच वाक्य असे, 'पुतळा बरा झाला.' खाली सरांची लाल सही.

त्या वर्गात झिपरी नावाची अस्वलीण होती. ती दोन डोंगर ओलांडून करवंदीच्या पाड्यावरून आली होती. तिच्या आईचं काळीज अधू होतं. चार पावलं चढली की म्हातारी धापा टाकायची. पाड्यावर औषधपाणी करणारं कुणी नव्हतं.

"शिकून इकडंच ये, झिपरे," आई म्हणाली होती. "मला काय झालं तर तुझा हात पाठीशी असंल."

झिपरी एवढ्यासाठीच शिकत होती. पास झालेल्याला आपापल्या पाड्यावर नेमणूक मिळे.

पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं, "सर, छाती किती जोरात दाबायची?"

"दोन इंच."

"ते झालं, सर. पण जोर किती लावायचा?"

"पुरेसा."

"हाताला कळाय नको का ते?"

"हाताला काय करायचंय कळून? परीक्षा लेखी आहे."

मग झिपरीनं एका पोत्यात मोहाची सुकी फुलं ठासून भरली आणि खानावळीमागे ती रोज ते पोतं दाबू लागली. तीस दाब, दोन श्वास. खांदे भरून येईपर्यंत. जर्नलमध्ये तिनं लिहिलं, 'पुतळ्याला हात लावला नाही. निष्कर्ष सांगता येत नाही.' सरांनी त्यावर सही केली नाही. अपूर्ण जर्नलवाली म्हणून तिला शेवटच्या रांगेत बसवलं.

अखेर महाराजांची तारीख मिळाली. मांडव उभा राहिला. रांगोळ्या निघाल्या. पुतळ्याला प्लास्टिकवरूनच हार घातला. महाराज आधी एका लग्नात जेवून आले होते. "आरोग्य हीच," असं म्हणून त्यांनी छातीवर पंजा ठेवला आणि ते आडवे झाले.

भाषण संपलं असं वाटून टाळ्या पडल्या. महाराज उठेनात, तेव्हा त्या थांबल्या.

"विद्यार्थ्यांनो, कृती!" बगळेसर ओरडले.

विद्यार्थ्यांनी चटकन रांग केली आणि हात मागे बांधले. पहिल्या नंबरचं सांबर एक पाऊल पुढे आलं.

"परिसर सुरक्षित आहे का ते पाहावे," त्यानं खणखणीत आवाजात म्हटलं. सगळ्यांनी परिसर पाहिला. "रुग्णाचे खांदे हलवून विचारपूस करावी." महाराजांच्या खांद्याला हात कोण लावणार? सगळे एकमेकांकडे बघू लागले. "मदत बोलवावी."

"अरे, मदत म्हणजे आपणच ना?" मागून कुणीतरी म्हणालं.

"पुस्तकात तसं दिलेलं नाही," सांबर म्हणालं.

एवढ्यात मागच्या रांगेतून झिपरी धावत आली. "सरका बाजूला!" म्हणत ती गुडघ्यांवर बसली आणि दाबू लागली. कडकन आवाज झाला.

"बरगडी! महाराजांची बरगडी!" बगळेसरांनी दुसराही पाय जमिनीवर टेकला.

"मोडू द्या, सर. मोजू द्या मला."

तीस झाले. दोन श्वास दिले. पुन्हा तीस, पुन्हा दोन. चौथ्या खेपेला महाराजांना उचकी लागली. त्यांनी डोळे उघडले. "खरी संपत्ती," असं म्हणून त्यांनी वाक्य पूर्ण केलं.

चौकशी समिती बसली आणि आठवड्याभरात निकाल लागला. सगळा वर्ग पास. झिपरी नापास.

"सर, महाराज जिवंत हायेत," झिपरी म्हणाली.

"आहेत ना. पण तो झाला निष्कर्ष. मार्क कृतीला असतात. पुतळ्याच्या जर्नलवर सही नसताना तू थेट जिवंत रुग्णाला हात लावलास."

महाराजांनी तिला गुहेत बोलावून घेतलं. त्यांच्या छातीला पट्टे बांधलेले होते.

"निकालात मी ढवळाढवळ करत नाही," ते म्हणाले. "मात्र आजपासून तू माझ्या गुहेच्या दाराशी राहायचंस. नापास आहेस, म्हणून कागदावर हुद्दा माळणीचा. कुठं जायचं नाही."

"महाराज, पाड्यावर माझी आई एकटी हाय. तिचं काळीज..."

"काळजी नको. तिकडे सांबर पाठवलंय. पहिल्या नंबरचं."

झिपरी रडली. मला हे सांगताना बरं वाटत नाही, पण ती खूप रडली.

पुढच्याच महिन्यात पाड्यावर तिची आई कोसळली. रुग्णवाहिका वेळेवर आली. सांबरानं हात मागे बांधून सगळी कृती पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली. एक शब्द चुकला नाही. म्हातारी मधेच गेली, तरी त्यानं कृती अर्धवट सोडली नाही.

निरोप मिळाला तशी झिपरी निघाली. पहारेकऱ्यानं तिला जाऊ दिलं नाही. महाराजांना जेवणानंतर जरा जड वाटत होतं.

तात्पर्य : मुलांनो, छाती दाबण्यापूर्वी ती कुणाची आहे ते पाहावं. सिंहाची असेल तर नापास झालेल्याला बोलवावं. बाकीच्यांसाठी पास झालेले पुष्कळ आहेत.