खारी हवा आणि पाध्यांचा लॅपटॉप

आमचे हेडक्लार्क पाध्ये रोज सकाळी ऑफिसच्या लॅपटॉपला कान लावायचे. मशीन सुरू करायचं, डोळे मिटायचे, डावा कान कडेच्या जाळीशी न्यायचा आणि आतल्या चिमुकल्या पंख्याचा आवाज ऐकायचा. तोवर ऑफिसात कोणी खोकायचंसुद्धा नाही. मग डोळे उघडून ते म्हणायचे, "मोकळा आहे." की आमचा दिवस सुरू.

ऑफिस मिरकरवाड्याच्या धक्क्याला लागून. मासळी परदेशी पाठवायचा शेटचा धंदा. ऐंशीचं दशक सरत आलं होतं, रत्नागिरीत कंप्युटर डोळ्यांनी बघितलेली माणसं विरळा, आणि शेटनी मुंबईहून एकदम मांडीवर ठेवायचाच कंप्युटर आणला. वजनाला म्हणाल तर लहानसं जातं. मी टायपिस्ट, पालीहून एसटीने येणारा. त्या निळसर पडद्यावर पहिल्यांदा अक्षरं उमटली तेव्हा माझे हात आपसूक जोडले गेले. शेटनी तो पाध्यांच्या हवाली केला तेव्हा मात्र सगळे हसले. जन्मात मासळीला बोट न लावलेले पाध्ये आधीच आमच्याकडे चेष्टेचा विषय होते.

हसू फार टिकलं नाही. "खारी हवा लोखंड खाते, तिथं याची काय कथा!" हे पाध्यांचं पालुपद. मशीन मलमलीच्या फडक्याने पुसायचं. बटणांच्या फटीतली धूळ दाढीच्या कोऱ्या ब्रशने काढायची. पावसाळ्यात त्याचा मुक्काम लोखंडी कपाटात, आत बल्ब पेटता आणि दमट हवा शोषायला बशीत कोळसे. बॅटरी पुरती उतरल्याशिवाय चार्जिंग नाही, कारण "भूक लागल्याशिवाय जेवण नाही." शनिवारी नको त्या फायली पुसायच्या, हव्या त्या फ्लॉपीवर उतरवायच्या, आणि फ्लॉप्या पेढ्यांच्या डब्यात. संध्याकाळी एक हुकूम टाइप करून ते आतली डिस्क जागेवर बसवत. त्याला ते "निजवणं" म्हणत. एकदा निजवला की टेबलाला धक्का लागलेला खपत नसे.

लिलाव करणाऱ्या मजीदभाईंना तर साबणाने हात धुतल्याशिवाय त्या टेबलाजवळ प्रवेश नव्हता. "पाध्ये, हे मशीन आहे का बाळंतीण?" ते विचारत. पाध्ये उत्तर देत नसत. ते कोणाशीच फारसं बोलत नसत.

एकदा माल जायच्या दिवशी ऐन कागद तयार करताना पाध्यांनी मशीन बंद केलं. शेट धावत आले.

"पाध्ये, ट्रक दारात उभा आहे!"

"असू दे उभा. याचा श्वास अडलाय."

"बर्फ वितळतोय माझा! चालू करा आधी!"

"नाही करणार." पाध्यांनी झाकणावर हात ठेवला. शेटपुढे आवाज चढवलेला माणूस आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो, आणि तोसुद्धा पाध्ये! "आत्ता चालवलात तर कायमचा जाईल. मग कागद कुठून काढाल?"

त्यांनी खालचे स्क्रू काढले. पंख्याच्या पात्याला माशाचा एक खवला चिकटला होता. पाध्यांनी तोंड फिरवून तो चिमट्याने ओढला, झाकण लावलं आणि परत काम सुरू केलं. कागद वेळेत गेले. त्या दिवशी पाध्यांसाठीचा चहा शेटनी स्वतः आणून टेबलापासून चार हात लांब ठेवला.

आणि एके दिवशी पाध्ये आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. मशीन उघडायची कोणाची छाती होईना. शेटनी मला त्यांच्या घरी पिटाळलं.

घरात पाऊल टाकलं आणि चमकलो. धुळीचा कण नाही. कोनाड्यात बशीत कोळसे. कपाटात बल्ब. खिडकीशी पाध्येवहिनी उशांना टेकून बसल्या होत्या, बारीक, फिकट. दम्याने त्या कित्येक वर्षांत उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या. परवा झटका आला होता, आता उतार होता. ऑफिसात आम्ही ज्याला मशीनचं वेड म्हणत होतो, ते सगळं पाध्ये मुळात इथे शिकले होते.

"तुम्ही कदम ना?" वहिनी म्हणाल्या. "पालीची गाडी चुकली की पोटात दुखतं सांगता ते?"

मी पाध्यांकडे बघितलं. ते पाणी आणायला आत गेले.

"मजीदभाईंच्या मुलीचं ठरलं काय हो? शेट अजून फोनवर उभ्यानेच बोलतात? मला सगळं ठाऊक असतं. हे घरी आले की नुसते बोलत असतात. मी म्हणत्ये, अहो दमाल! पण थांबतील तर शपथ."

हे पाध्ये! ज्यांच्या तोंडून दिवसभरात दोन वाक्यं निघाली तर आम्ही चकित व्हायचो, ते! पाणी पिऊन उठलो.

पाध्ये पायरीपर्यंत सोडायला आले. उगाच दाराची कडी चाचपत म्हणाले, "कदम, दोन दिवस धक्क्यावर आलो नाही. तिला सांगायला काही उरलेलं नाही हो."

मी घातलेल्या चपला काढल्या आणि पुन्हा आत जाऊन बसलो.

"वहिनी," मी म्हटलं, "आज सकाळी लिलावात काय झालं, माहितीय?"