आतून काय बदललंय

मुकादम मॅडमनी नवं पेन घेतलं, की आधी जुन्या पेनानं एक ओळ लिहायच्या, मग तीच ओळ नव्यानं. बेकरीवाला बदलला, तर जुना आणि नवा पाव एकाच चहात बुडवून बघायच्या. तळोज्याच्या आमच्या रंगांच्या कारखान्यात त्या प्रोग्रॅमर, मी शेजारच्या टेबलावर. "चालतंय ते दिसतंय मला," त्या म्हणायच्या, "आतून काय बदललंय ते सांगा." कँटीनचा आचारी त्यांना पाहिलं की मागच्या दारानं सटकायचा.

एकदा आमच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची नवी आवृत्ती आली. विकणारा म्हणाला, भाषा तीच आहे, काही बदललेलं नाही. मॅडमनी एकच प्रोग्रॅम जुन्यावर आणि नव्यावर चालवला, दोन्ही प्रिंटआउट टेबलावर पसरले आणि आमच्या देशमुख साहेबांना बोलावलं.

"साहेब, ही आतमध्ये आकडा ठेवायला दुप्पट जागा घेते. आपल्या जुन्या फाइली चुकीच्या वाचणार. थोडे दिवस द्या, सगळ्या बदलून देते."

"मॅडम, तुम्ही पाव बुडवा," साहेब हसत म्हणाले. "सोमवारपासून नवीन चालू."

सोमवारी मालाच्या चिठ्ठ्यांवर पिंपांची वजनं भलतीच छापली. काट्यावरच्या वजनाशी जुळेनात, म्हणून ट्रक गेटवरच अडकले. हेड ऑफिसचे लोक आले, तेव्हा देशमुख शांतपणे म्हणाले, "टेस्टिंग मुकादमांकडे होतं." मी खरं काय ते सांगायला लागले, तर "तुम्हाला कुणी विचारलं?" म्हणून मला बाहेर काढलं.

मॅडमची बदली स्टोअरमध्ये झाली. तिथे कॉम्प्युटरच नव्हता. देशमुखांनी फाइली बदलून घेतल्या, मॅडमनी सांगितलं होतं तशाच, आणि वर शाबासकी घेतली.

त्या ईदला मॅडम आमच्या सेक्शनमध्ये आल्या, प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन जेवायला बोलावून गेल्या. देशमुखांनासुद्धा. "येणार की," सगळे म्हणाले.

नेरूळला त्या एकट्याच राहायच्या. मी पोचले, तर हॉलभर शेजाऱ्यांकडून आणलेल्या खुर्च्या, आणि माणूस एक नाही.

"बस तू. येतायत सगळे," त्या म्हणाल्या. मला ओट्याशी नेऊन पातेली दाखवली. "ही बिर्याणी आपली. ही भाज्यांची, तुमच्या सेक्शनच्या कुलकर्णींना. पातेलं कोरं आणलंय, त्यांना सांग हां."

"आणि हे छोटं?"

"खीर. साखर नाही घातली. देशमुख साहेबांना डायबेटीस आहे ना."

उन्हं उतरेपर्यंत आम्ही दोघीच बसलो. मी निघाले, तेव्हा त्या ती खीर पुन्हा गरम करत होत्या.